फिडलच्या पोटातला खुळखुळा

१

"या गाण्यापायी माझ्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलंय," मिस ओरा पेनिंग्टन व्हर्डीच्या कानाशी पुटपुटली. "सकाळी सातपासून तो कर्णा लावलाय चौकात. एकदा झालं, दोनदा झालं. कोंबडी झाली म्हणून काय, तिलाही कान असतात."

"कोंबडीला कान असतात?" व्हर्डीनं विचारलं.

"माझ्या कोंबड्यांना आहेत."

मिस ओरा ब्याऐंशी वर्षांची; इकडे मानाच्या बाईला लग्न होऊन नातवंडं झाली तरी 'मिस'च म्हणतात. केटल क्रीकच्या महिला मंडळाची अध्यक्ष, आणि गावच्या सभागृहाची एक किल्ली तिच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. दुसरी किल्ली सभागृहाची झाडलोट करणाऱ्या हॉबार्टकडे. हॉबार्ट म्हणजे व्हर्डीचा धाकटा भाऊ.

आणि गाणं म्हणजे 'कडी काढून ठेव'. 'लॉरेल फोर्क' या इथल्याच बँडचं. नोव्हेंबरात ते कंट्री रेडिओवर आलं तेव्हा टेनेसीबाहेर कोणी फारसं ऐकलंही नाही. मग फेब्रुवारीत कंपनीनं त्याच्याखाली यंत्राचा ठेका घातला, आणि बँजो दिसला की ज्यांना हसू येतं अशी न्यूयॉर्कची, लॉस एंजेलिसची माणसं ते गाऊ लागली. कंट्रीवाल्यांच्या यादीतून उडी मारून गाणं पॉपच्या यादीत गेलं आणि सात आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलं. गाणारी डेलेनी साइझमोर. व्हर्डीची एकुलती एक लेक.

लोक वेडे झाले ते मात्र गाण्याच्या शेवटावर. शब्द संपतात, ठेका थांबतो, एकटी फिडल उरते, मग तीही थांबते. आणि त्या शांततेत काहीतरी सुकं, बारीक असं खुळखुळतं. शहरात जिला व्हायोलिन म्हणतात तिच्या पोटात रॅटलस्नेक या शेपूट वाजवणाऱ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा टाकून ठेवायचा, ही या डोंगरातली जुनी रीत. कोणी म्हणतं त्यानं आवाज उघडतो, कोणी म्हणतं उंदीर घरटं करत नाहीत. खरं कारण कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच रीत टिकली आहे. आता त्या दीड सेकंदाच्या आवाजाचे टी-शर्ट निघाले होते.

व्हर्डीनं गाणं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. ठेका सहन होत नाही, असं ती सांगायची. ती चौपन्न वर्षांची होती, वीस वर्षं पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत फिडली दुरुस्त करत आली होती. तेव्हा तिच्या कानाचे नखरे लोक चालवून घेत.

आज बँडचा गावात सत्कार. दुपारी दोन वाजता टीव्हीवाली बाई काचेच्या पेटीतून ती प्रसिद्ध फिडल काढणार, सगळ्यांसमोर हलवणार, आणि खुळखुळा देशभर ऐकू जाणार. फिडल आठवडाभर सभागृहातच मांडून ठेवलेली होती.

"काचेवर एकदा फडकं मारते," म्हणत मिस ओरानं पेटीवरचं निळं कापड ओढलं.

कापड तिच्या हातातच राहिलं. व्हर्डीच्या हातातलं बटाट्याच्या सॅलडचं काचेचं भांडं मात्र खाली पडून फुटलं.

पेटीत फिडल उताणी पडली होती. तिच्या वरच्या फळीची एक कड उचकटलेली, आणि तिथून मधोमध, मासा चिरावा तशी, ती उभी फाटली होती.

२

अर्ध्या तासात शेरीफचा डेप्युटी टीग आला. टीग आणि व्हर्डी शाळेत एका बाकावर. तिनं त्याला गणितात पास केलं होतं, आणि ते तो अजून विसरला नव्हता. म्हणून त्याला तिच्याशी बोलताना टोपी काढावीशी वाटे.

"कुलूप तुटलेलं नाही," तो म्हणाला. "किल्ल्या दोन. मिस ओरानं केलं असेल असं मला वाटत नाही."

"वाटून बघ," मिस ओरा गुरगुरली.

"म्हणजे राहिला हॉब."

हॉबार्ट भिंतीशी उभा होता. उंच, वाकलेला, डाव्या काखेत झाडू, उजवा हात नेहमीसारखा खिशात. तो हात बाहेर काढला की समोरचं माणूस दुसरीकडे बघायचं. गेल्या ऑगस्टपर्यंत हॉबार्ट 'लॉरेल फोर्क'चा फिडलवाला होता. मग स्पेन्सरच्या वळणावर बँडची व्हॅन उजव्या कुशीवर कोसळली, खिडकीबाहेर टेकवलेला त्याचा उजवा हात खाली चिरडला, आणि त्याच्या तोंडाला बिअरचा वास आला. गाडी मीच चालवत होतो, असं त्यानं स्ट्रेचरवरूनच सांगून टाकलं होतं. न्यायाधीशानं अकरा महिने एकोणतीस दिवसांची शिक्षा दिली आणि ती स्थगित ठेवली. अट एकच: तेवढ्या मुदतीत दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्यात नाव येता कामा नये. आलं, तर सगळी शिक्षा पहिल्या दिवसापासून आत.

मुदत संपायला अडीच महिने उरले होते.

"हॉब, बाबा, तू बोल काहीतरी," टीग म्हणाला. "तुझी जागा त्या बोस्टनच्या पोरानं घेतली. त्याची फिडल पेटीत, तुझ्या हातात झाडू. राग येतो माणसाला. मला आला असता."

"मला काही बोलायचं नाही," हॉबार्ट म्हणाला.

"तू केलंस?"

"मला काही बोलायचं नाही."

"हॉब!" व्हर्डी ओरडली. "नाही म्हण! एवढं तरी म्हण!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिच्या वाटणीचा मार स्वतः खाताना तो असाच बघायचा.

टीगनं टोपी काढली. "व्हर्डी, नुकसान किती ते तूच लिहून दे, जिल्ह्यात दुसरं कोणाला यातलं कळत नाही. दोनला कार्यक्रम सुरू झाला की गर्दीचा डोळा चुकवून मी याला घेऊन जाईन. एवढंच करू शकतो."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

३

सभागृहाच्या स्वयंपाकघरात, भाजलेल्या कोंबडीच्या तीन ट्रेंच्या मधोमध जागा करून, व्हर्डीनं फिडल टॉवेलवर ठेवली आणि चष्मा चढवला.

आधी तिला जे दिसलं त्यानं ती चक्रावली. चारही तारा काढलेल्या होत्या. तोडलेल्या नव्हत्या, खुंट्या एकेक करून सैल केल्या होत्या, प्रत्येक तार गोल गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात ठेवली होती. घोडी, म्हणजे तारांखालची ती लाकडी कमान, रुमालात गुंडाळून बाजूला.

"रागानं आलेला माणूस," ती मिस ओराला म्हणाली, "आधी तारा सोडवत बसेल?"

"माझा नवरा रागावला की आधी चष्मा काढून ठेवायचा," मिस ओरा म्हणाली.

"हं. पण रुमालात नाही गुंडाळायचा."

कडेची फट तिनं बोटानं चाचपली. पहिले चार इंच फळी चिकटवणारा सरस अगदी नीट सुटला होता. पातळ सुरी दमानं, थांबत थांबत आत सरकवलेली. मग सुरी सरकली असावी आणि फळी चिरली. हे मोडणं नव्हतं. हे उघडणं होतं, फसलेलं.

आत खुळखुळा होता. तिनं तो चिमट्यानं काढला. आठ कड्यांचा, चकचकीत, कोरा. आणि बुडाशी सुईएवढं गोल भोक.

मिस ओरा वाकून बघत होती. "अगं, हे तर पेट्रोल पंपावर मिळतात. किल्लीच्या कडीला लावलेले. माझ्या नातीनं घेतलाय."

व्हर्डी फटीतून आतलं लाकूड न्याहाळत होती. फिडलच्या पोटात वर्षानुवर्षं खुळखुळा असला की तो फिरत राहतो, धूळ गोळा करतो, त्या धुळीचा करड्या लोकरीसारखा गोळा होतो. लाकडावर त्याच्या घासण्याच्या बारीक रेघा उठतात. या फिडलच्या आत एक रेघ नव्हती. नव्या कपाटासारखी स्वच्छ.

तिला एकदम बसावंसं वाटलं. स्टूल नव्हतं, ती पिठाच्या डब्यावर बसली.

"काय झालं?"

"मिस ओरा, ही फिडल आज दुपारी खुळखुळली पाहिजे म्हणून कोणीतरी काल यात खुळखुळा घातला. कारण त्याआधी तो यात नव्हताच. कधीच नव्हता."

"मग गाण्यात वाजतो तो?"

"गाण्यात ही फिडलच नाही."

४

टॉवेल तसाच झाकून व्हर्डी बाहेर पडली. तिच्याजवळ एकच प्रश्न होता, आणि तो इतका साधा होता की विचारताना लाज वाटावी.

खुळखुळा आत घालतात कसा?

उत्तर तिला माहीत होतं: फिडल उघडायची गरजच नसते. वरच्या फळीवर दोन बाजूंना ज्या वळणदार फटी असतात, त्यांतून तो जातो. आडवा धरला तर अडतो. कडेवर उभा धरला की सुळकन आत. डोंगरातल्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. मग ज्यानं सुरी घेतली, त्याला हे माहीत नव्हतं.

चर्चमागे बँडची मोठी बस उभी होती. डेलेनी आत आरशासमोर, केसांत गुंडाळ्या, पायांत चमचमणारे बूट. ऑगस्टनंतर ती आज पहिल्यांदा गावात आली होती, तीही थेट बसमध्ये. फोनवर भरभरून बोलायची. घरी यायचं म्हटलं की कुठेतरी कार्यक्रम निघायचा.

"आई, कळलं मला. भयंकर आहे. पण आत्ता नको, मला गायचंय."

"एकच सांग. खुळखुळा आत कसा घालतात?"

डेलेनी हसली. "हे काय विचारणं झालं? फटीतून, उभा धरून. सहा वर्षांची असताना हॉबमामानंच..."

ती थांबली. आरशातच तिनं नजर खाली घेतली.

"हॉबला धरलंय," व्हर्डी म्हणाली. "दोनला नेणार."

लेकीच्या हातातला ब्रश खाली पडला. तिनं तो उचलला नाही. "त्यानं नाही केलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की ही पोरगी हजारो लोकांसमोर गाते यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. आई, जा ना आता. प्लीज."

मॅनेजर प्रेस्कॉट लाइल बसच्या सावलीत दोन फोनांवर एकाच वेळी बोलत होता. नॅशव्हिलचा, पन्नाशीचा, दात फार पांढरे. त्यालाही तिनं तेच विचारलं.

"फटीतून सोडतात, मॅडम. पंपावरच्या म्हाताऱ्यानं दोन सेकंदांत करून दाखवलं. हे कोणाला माहीत नसतं?" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं. आम्ही चांगला वकील देऊ. तुम्ही काळजी करू नका, आणि, अं, फार खोलात जाऊ नका."

ज्युलियन क्रो चर्चच्या पायरीवर एकटा बसला होता. सव्वीस वर्षांचा, बोस्टनच्या संगीत विद्यालयात शिकलेला, सध्याच्या टी-शर्टांवर याचंच तोंड. तिला बघून तो ताडकन उठला. एवढं तरी इथं येऊन शिकला होता.

"मिस व्हर्डी, मॅम. ती दुरुस्त होईल?"

मोडलेली फिडल बघायला आलेल्या बाईला सगळ्यांनी काही ना काही सांगितलं होतं. हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता.

"बघू. मला सांग, तो खुळखुळा आत कसा जातो रे?"

"आत..." त्यानं ओठ चावला. "बनवतानाच ठेवत असतील ना, मॅम? फळी चिकटवायच्या आधी?"

५

व्हर्डी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. ओरडायची तयारी करून आली होती, पण त्याच्या पहिल्या प्रश्नानंच तिचा राग उतरला होता.

"पहिले चार इंच छान उघडलेस," ती म्हणाली. "नंतर घाई केलीस. सुरी कोमट पाण्यात बुडवत राहायचं असतं, सरस मऊ होतो. कोणी सांगितलं नाही तुला?"

ज्युलियननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ती माझ्या आजोबांची आहे," तो बोटांमधून म्हणाला. "मी तिला कधी... प्रेस्कॉटनं काल तो खुळखुळा हातात दिला. म्हणाला, उद्यापर्यंत आत गेला पाहिजे. मी फटीत घालून बघितला, गेला नाही. मग मला वाटलं, फळीच काढावी लागत असणार. विचारायचं कोणाला? ज्यानं रेकॉर्डवर वाजवलंय त्याला हे माहीत नाही, असं कसं विचारणार?"

"आत कसा गेलास?"

"तुमच्या भावानंच उघडून दिलं. संध्याकाळी ते चर्चमधल्या माशांच्या सामुदायिक जेवणाला निघाले होते. मी सराव करायचाय म्हणालो. किल्ली ठेवून गेले, म्हणाले, हवा तेवढा वेळ घे. परत आले तेव्हा मी कापड टाकून पळालो होतो, किल्ली दारातच."

म्हणजे हॉबार्टला ठाऊक होतं. कोण आत होतं ते पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, आणि तरी तो भिंतीशी उभा राहून 'मला काही बोलायचं नाही' म्हणत राहिला.

"रेकॉर्डवर कोण वाजवतंय, ज्युलियन?"

"देवाशपथ माहीत नाही, मॅम. मला सप्टेंबरात नोकरी दिली, गाणं ऐकवलं, म्हणाले स्वर न् स्वर असाच बसव. कोणी विचारलं तर तूच वाजवलंय. जो कोणी आहे तो माझ्यापेक्षा फार चांगला आहे. मी रोज ते वाजवतो आणि रोज मला लाज वाटते."

चौकातल्या कर्ण्यावर गाणं पुन्हा सुरू झालं. व्हर्डी उठणार होती, सवयीनं. पण या वेळी ती बसून राहिली.

डेलेनीचा आवाज आला. *उशीर झाला तर वाट पाहू नको, फक्त कडी काढून ठेव.* ठेका थांबला. फिडल एकटी उरली, वर गेली, वळली, खाली आली, संपली. मग शांतता, आणि खुळ. एक श्वासभर थांबून, पुन्हा खुळ.

दोनदा. छातीवरून फिडल खाली घेताना एकदा, गुडघ्यावर टेकवताना एकदा. वडील ओरडायचे म्हणून वयाच्या नवव्या वर्षापासून जपून, दोन टप्प्यांत फिडल खाली ठेवणारा माणूस तिला जगात एकच माहीत होता. त्याची फिडल ऑगस्टपासून तिच्याच दुकानात खिळ्याला टांगलेली होती, आणि ती कधी पुसायलाही तिनं हात लावला नव्हता.

खोटं कशाला बोलायचं? तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं. त्याचा हात ओळखून पहिल्यांदा रेडिओ बंद केला त्याच दिवसापासून. भावाला दुःख नको म्हणून बोलत नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. लेकीला विचारावं लागू नये म्हणून बोलत नव्हती.

"चल," ती ज्युलियनला म्हणाली. "टीगसमोर हे सगळं बोलायचंय तुला."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल बहुतेक," व्हर्डी म्हणाली. "फिडल मी दुरुस्त करून देईन."

६

दोन वाजायला वीस मिनिटं होती. स्वयंपाकघरात सगळे दाटीवाटीनं उभे: टीग, हॉबार्ट, प्रेस्कॉट, ज्युलियन, दाराशी मिस ओरा, आणि केस मोकळे सोडून आलेली डेलेनी. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

व्हर्डीनं टॉवेल उघडला आणि सांगितलं. गुंडाळलेल्या तारा. रुमालातली घोडी. आतलं कोरं लाकूड. भोक पडलेला खुळखुळा. "हॉबनं हे केलं असतं तर सुरी लागलीच नसती. झोपेतसुद्धा त्यानं तो फटीतून टाकला असता. आणि फिडल मोडायचीच असती, तर तारा कोण गुंडाळून ठेवतं?"

"मी केलं," ज्युलियन म्हणाला. "माझीच फिडल आहे. त्यांचा काही संबंध नाही."

टीगनं डोकं खाजवलं. "स्वतःची फिडल मोडणं हा गुन्हा मला तरी माहीत नाही." मग त्याच्या कपाळावर आठी आली. "पण मग गाण्यात वाजवतंय कोण?"

बाहेर गर्दी टाळ्यांचा ठेका धरत होती.

"हॉब," व्हर्डी म्हणाली.

"जुलैत रेकॉर्डिंग झालं, अपघाताच्या आधी," प्रेस्कॉट घाईघाईनं म्हणाला. "आणि मग हे दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण. असा माणूस पोस्टरवर कसा चालेल? लहान मुलं ऐकतात हे गाणं. हॉबार्टच्या संमतीनं नाव काढलं. सगळं कागदावर आहे. डेप्युटी, हे आपल्यातच राहिलं तर बरं. खरं तर हॉबार्ट सकाळपासून तयार होता. अडीच महिने आत काढले असते, आम्ही घरच्यांचं बघितलं असतं..."

"अडीच नाही," टीग थंडपणे म्हणाला. "अकरा महिने, एकोणतीस दिवस. पहिल्यापासून."

मिस ओरानं क्रूस मुठीत धरला. "आणि तू हो म्हणालास, हॉबार्ट?"

हॉबार्टनं नुसते खांदे उडवले.

"झालं, सुटलास," टीग म्हणाला. "इथे सही कर, की काल किल्ली या पोराला दिली होतीस, म्हणजे मीही मोकळा."

हॉबार्टनं पेन घेतलं. डाव्या हातानं, लहान मुलासारखं मुठीत. उजवा हात कागद दाबायला बाहेर काढला. तीन बोटं एकमेकांत जुळून आलेली, झाडाच्या मुळीसारखी.

नऊ महिने व्हर्डी त्या हाताला सकाळच्या कॉफीबरोबर बघत आली होती. त्याच्या शर्टाच्या गुंड्या लावल्या होत्या, मांस कापून दिलं होतं. आणि आता तिला एक गोष्ट कळेना. पोस्टरवर नाव नको म्हणून कोणी तुरुंगात जातं? नाव तर आधीच गेलेलं. मग हा माणूस अजून काय झाकतोय? ज्युलियनचं नाव घेतलं तर खुळखुळा निघणार, खुळखुळा निघाला तर वाजवणारा निघणार, वाजवणारा निघाला तर अपघात निघणार. आणि अपघात निघाला तर?

"टीग," तिनं विचारलं, आणि तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला. "त्या दिवशी तू गेला होतास ना वळणावर. व्हॅन कुठल्या अंगावर पडली होती?"

"उजव्या. माहीत आहे तुला. हॉबचा हात खिडकीबाहेर होता, तो खाली..."

"आणि स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं?"

"डावीकडे. अमेरिकेत अजून कुठे असणार?"

बोलून झाल्यावर टीगचं तोंड उघडंच राहिलं. तो स्वतःच्या दोन हातांकडे बघू लागला. मग त्यानं हवेत चाक धरलं, अगदी नकळत, आणि डाव्या कोपराकडे पाहिलं, जिथं खिडकी असते. उजवीकडे पाहिलं. उजवीकडे खिडकी नसते. उजवीकडे शेजारी बसलेलं माणूस असतं.

"मी..." टीग म्हणाला, "मी स्वतः पंचनामा लिहिला."

"तो बोलला आणि आपण ऐकलं," व्हर्डी म्हणाली. "कोणी मोजलंच नाही."

त्या व्हॅनमध्ये त्या दुपारी दोनच माणसं होती. हे गावाला माहीत होतं. दुसरं माणूस काठावर गवतात बसलेलं सापडलं होतं, अंगावर ओरखडाही नव्हता, आणि सगळ्यांनी देवाचे आभार मानले होते. पुढच्या सोमवारी त्या माणसाची नॅशव्हिलला करारावर सही व्हायची होती.

बाहेर टीव्हीवाल्या बाईचा आवाज घुमला. ती नाव पुकारत होती. गर्दी ते नाव परत परत म्हणत होती.

"जा, पोरी," हॉबार्ट पहिल्यांदा बोलला. हळू, समजूत घालावी तसा. "लोक थांबलेत. इथलं काही नाही. तुझी आई उगाच गणितं करते. मीच होतो."

"टीग," प्रेस्कॉट म्हणाला, "एक हात एका बाजूला होता की दुसऱ्या, यावर नऊ महिन्यांनी..."

"तू गप्प बस," मिस ओरा म्हणाली.

व्हर्डीनं तोंड उघडलं. सकाळपासून ती बोलत होती, विचारत होती, सिद्ध करत होती. आता एक वाक्य उरलं होतं. ते म्हटलं की लेक जाणार. नाही म्हटलं तर भाऊ. तो तर गेलाच होता, नऊ महिन्यांपूर्वी, आणि त्याला रोज सकाळी कॉफी देऊन तिनं स्वतःची समजूत घातली होती की सगळं ठीक आहे. ती डेलेनीकडे बघत राहिली. रागानं नाही. फक्त नजर हलवायची नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

डेलेनीच्या चेहऱ्यावरची रंगरंगोटी गालांवरून खाली येत होती. ती पुढे झाली, बूट फरशीवर टकटकले, आणि तिनं हॉबार्टचा तो उजवा हात कागदावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. व्हर्डी सोडली तर, इतक्या महिन्यांत तो हात धरताना दुसरीकडे न बघणारं हे पहिलंच माणूस.

"नको, पोरी," हॉबार्ट म्हणाला.

"टीगकाका, तो पंचनामा फाडा," डेलेनी म्हणाली. "तो शेजारी बसला होता. गाडी मी चालवत होते. मी प्यायले होते, आणि गाडी मी चालवत होते."